लोखंडी भांड्याची अट्रॅक्टा

आमच्या क्लूनीबेगमध्ये कोणी वारलं, की पहिला फोन फादर कोलमनना जातो, दुसरा शवपेटीवाल्याला, आणि तिसरा करायची कोणाला गरजच पडत नाही. तोवर अट्रॅक्टा नेर्नी कांदे सोलायला बसलेली असते.

तिला कळतं कसं, हे आता कोणी विचारत नाही. सकाळी सव्वानऊला रेडिओवर जिल्ह्यातल्या मृतांची नावं वाचून दाखवतात, ती बाकीच्यांसाठी. अट्रॅक्टाला ती आदल्या दिवशीच ठाऊक असतात. डॉक्टरांची गाडी कोणाच्या फाटकाशी वळली, किती वेळ उभी राहिली, आणि कोणाची सून दुकानातून दोनाऐवजी सहा पाव घेऊन गेली, एवढ्यावर ती अंदाज बांधते. तो अंदाज बावीस वर्षांत एकदाच चुकला. म्हातारा बेसिल टायगी न्यूमोनियातून उठून बसला, आणि अट्रॅक्टाच्या फ्रीजमध्ये तीन किलो बीफ कापून तयार! त्यानंतर कितीतरी दिवस ती बेसिलशी चर्चच्या दारात धड बोलली नाही. त्यानं तिचा विश्वासघात केला होता.

आमच्याकडे कबर खणायला भाड्याची माणसं बोलावत नाहीत. दफनाच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारपाजारचे चार पुरुष फावडी घेऊन जातात आणि दुपारपर्यंत खड्डा करून मयताच्या घरी जेवायला येतात. गुडघ्यापर्यंत चिखल, नाकं लाल, आणि भूक अशी की टेबलही खातील. त्यांना जे वाढतात तो स्ट्यू. सँडविचं, टार्ट, हॅम हे सगळं भेटायला येणाऱ्यांसाठी. ते कोणीही आणावं. खणणाऱ्यांचा स्ट्यू मात्र कोणीही आणत नाही. तो मान असतो, आणि बावीस वर्षं तो मान अट्रॅक्टाकडे होता. कोणी दिला नव्हता. तिनं घेतला होता आणि परत ठेवला नव्हता.

ती बाहत्तर वर्षांची. अंगानं लहान चणीची, पाठ मात्र शाळेच्या फळ्यासारखी ताठ. तिच्या पर्समध्ये इस्त्री केलेला एप्रन घडी घालून असायचाच, बाजारात जातानाही. मृत्यू काय, वेळ सांगून येत नाही. घरी तिची पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, जाळायची मोठी लोखंडी चूल होती आणि चुलीवर सासूकडून आलेलं काळं लोखंडी भांडं. त्या भांड्याबद्दल ती असं बोलायची, जसं दुसऱ्या बायका आपल्या डॉक्टर झालेल्या मुलाबद्दल बोलतात. बैलाच्या पायाचं मांस आदल्या दिवशी कापून पिठात घोळवायचं, चरबीत लाल होईपर्यंत परतायचं, मग कांदा, गाजर, मूठभर जव, थाइमच्या दोन काड्या, आणि बटाटे अगदी शेवटी. तीन तास मंद जाळ, आणि तीन तास तिथून हलायचं नाही. काही बायका त्यात काळी बिअर ओतत. त्यावर अट्रॅक्टाचं म्हणणं ठरलेलं होतं. "बिअर पुरुषात ओतायची असते. भांड्यात ओतली की दोघंही वाया जातात."

स्ट्यू खरोखर चांगला व्हायचा, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पण चांगला स्वयंपाक करणाऱ्याला आपला पदार्थ चांगला झाल्याचा जेवढा आनंद होतो, त्याहून थोडा जास्त दुसऱ्याचा बिघडल्याचा होतो. अट्रॅक्टाला तर पुष्कळच जास्त व्हायचा. मयताच्या घरी ती आधी शवपेटीपाशी जाऊन डोळे पुसायची, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन इतरांच्या भांड्यांची झाकणं उचलून बघायची. दोन्ही कामं सारखंच मन लावून.

चार वर्षांपूर्वी पोस्टमास्तरीणबाई गेल्या, तेव्हा कॉन्सेप्टा बर्नही स्ट्यू घेऊन आली होती. कॉन्सेप्टा म्हणजे वरच्या रस्त्यावरच्या जार्लथ बर्नची बायको. अंगानं भरलेली, हळू बोलणारी, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. तिनं आणला होता तो स्लो कुकर. पांढरा, गोल, वर काचेचं झाकण. मयताच्या घरी तिनं तो भिंतीतल्या प्लगला जोडून गरम ठेवला होता.

"हे काय गं?" अट्रॅक्टानं विचारलं. स्वयंपाकघरात तेव्हा दहाबारा माणसं होती. तेवढी असल्याशिवाय ती असले प्रश्न विचारत नसे.

"सकाळी सगळं घालायचं आणि बटण दाबायचं," कॉन्सेप्टा भाबडेपणानं म्हणाली. "आठ तासांनी आपोआप तयार. मी तोवर जार्लथला घेऊन दवाखान्यात जाऊन आले."

"म्हणजे तू घरी नव्हतीस?"

"नव्हते."

"मग आभार तुझे कशाला मानायचे?" अट्रॅक्टा म्हणाली. "बटणाचे मानू या."

लोक हसले. मयताच्या घरी हसायला मिळालं की माणसं जरा जास्तच हसतात. आठवडाभरात 'बटण-स्ट्यू' हा शब्द गावभर झाला, आणि कॉन्सेप्टाच्या मागे 'बटणवाली'. त्यानंतर कॉन्सेप्टानं मयताच्या घरी स्ट्यू म्हणून नेला नाही. अंड्याची सँडविचं न्यायची, कडा कापलेली, ओल्या फडक्याखाली झाकलेली. अट्रॅक्टा ती चाखून म्हणायची, "सँडविच तुला छान जमतं हो."

मागच्या वर्षी जानेवारीत अट्रॅक्टा चर्चच्या पायऱ्यांवर बर्फावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. हाड जुळलं, पण जोर गेला. भरलेलं सोडाच, रिकामं भांडंही तिला चुलीवरून उतरवता येईना. अॅथलोनहून तिची मुलगी ईटा आली, ती एक मोठं खोकं घेऊन.

"मम्मी, रागावू नकोस," ईटा म्हणाली.

"उघडायच्या आधीच रागावले आहे," अट्रॅक्टा म्हणाली. खोक्यावर चित्र होतं.

"कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना!"

पण 'मला कळेल' ही अडचण माणसाला वाटते तेवढी मोठी नसते. खोकं दोन आठवडे पलंगाखाली राहिलं. मग खालच्या वाडीतली नोनी ग्रॅडी गेली, कबर खणणारे ठरले, आणि मनगट काही ऐकेना. अट्रॅक्टानं दार लावून घेतलं, स्लो कुकर मागच्या खोलीत पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत ठेवला आणि बटण दाबलं. दाबताना तिनं डोळे मिटले होते.

सात तासांनी झाकण उचललं, तर मांस चमच्याच्या नुसत्या धाकानं सुटत होतं. तिला फार वाईट वाटलं.

मग तिनं पद्धत बसवली. मागच्या खोलीत स्ट्यू शिजायचा. चुलीवर काळं भांडं ठेवलेलं असायचं, त्यात नुसतं पाणी, एक कांदा आणि थाइमची काडी. अचानक कोणी आलंच तर घरभर वासही हवा आणि झाकण थडथडताना दिसायलाही हवं. वेळ झाली की पाणी पळीपळीनं काढून टाकायचं, वाटीवाटीनं स्ट्यू काळ्या भांड्यात भरायचा, आणि नवऱ्याला, मॅलकीला, हाक मारायची. तो भांडं उचलून गाडीत ठेवायचा. मॅलकीला काही ठाऊक नव्हतं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं स्वयंपाकघरातला एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि त्यांचा संसार टिकण्याचं ते एक कारण होतं.

वर्षभरात चार मयतं झाली. चारही वेळा माणसांनी वाडगे पुसून खाल्ले. "लोखंडी भांड्याची चव ती लोखंडी भांड्याची!" असं म्हणाले, आणि अट्रॅक्टानं मान खाली घालून ते स्वीकारलं. दर शनिवारी ती पापकबुलीला जायची. मॅलकीवर ओरडले, जपाच्या वेळी डुलकी लागली, शेजारणीच्या नव्या पडद्यांचा हेवा वाटला, हे सगळं ती सांगायची. ते एक सांगत नसे. ऐकायला फादर कोलमन बसत, आणि फादर कोलमन स्ट्यू खात.

आणि मग ऑक्टोबरात जार्लथ बर्न गेला. कॉन्सेप्टाचा नवरा.

अट्रॅक्टाला त्या रात्री झोप आली नाही. जार्लथ भला माणूस होता, त्याचं दुःख तिला झालं. पण झोप उडाली ती दुसऱ्या कारणानं. गावात एकच घर असं होतं जिथे तिचा स्ट्यू डोळ्यांत तेल घालून पाहिला जाणार होता, आणि परवा दुपारी तो त्याच घरच्या टेबलावर ठेवायचा होता. न न्यावा तर? चार वर्षांपूर्वीचं सगळं लोकांना आठवेल. "तोंड दाखवायला लाज वाटली," म्हणतील. न्यावा आणि जरा कमी पडला तर? बावीस वर्षांचं नाव एका वाडग्यात बुडेल, आणि तेही बटणवालीच्या घरात. स्ट्यू न्यायलाच हवा होता, आणि आजवरच्या सगळ्यांहून सरस व्हायला हवा होता.

गुरुवारी सकाळी सहाला तिनं सगळं कुकरमध्ये घातलं. एरवी ती अशा दिवशी घरातून हलायची नाही. पण कॉन्सेप्टाच्या घरी कपबशा धुवायला, खुर्च्या मांडायला बायका आठपासून जमणार होत्या, आणि त्यात अट्रॅक्टा दिसली नसती तर तिची अनुपस्थिती सगळ्यांच्या आधी येऊन बसली असती. "मी गाडीत बसते," ती मॅलकीला म्हणाली, "तू दार लावून ये."

इथेच ती चुकली. मॅलकी घराबाहेर पडताना काय करतो, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याकडचे त्या पिढीचे सगळेच पुरुष ते करतात. घराला आग लागेल या भयानं खोलीखोलीत जाऊन भिंतीतला प्रत्येक प्लग ओढून काढतात. टीव्ही, किटली, रेडिओ, दिवा. आंघोळीच्या पाण्याचा हीटर बंद आहे ना, हे दोनदा बघतात आणि गाडीत बसल्यावर तिसऱ्यांदा उतरून बघतात. प्लगच्या दुसऱ्या टोकाला काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पंचेचाळीस वर्षं रोज पाहिलेली गोष्ट होती. म्हणूनच ती तिला दिसेनाशी झाली होती.

बाराला दोघं घरी परतली. कोट न काढताच अट्रॅक्टा मागच्या खोलीत गेली. वास नव्हता. काचेच्या झाकणावर वाफेचे थेंब गार होऊन बसले होते. तिनं चमचा घातला. मांसाचा तुकडा बुडाशी जाऊन परत वर आला, गुलाबी, आणि तिच्याकडे बघत राहिला.

"मॅलकी!"

मॅलकी दारात आला. पलंगाच्या आड काय आहे ते त्याला दिसत नव्हतं, आणि ती ते दिसू देणारही नव्हती.

"या खोलीतला प्लग तू काढलास?"

"काढला ना." मॅलकीच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "ईटाची विजेवरची चादर चालूच राहिली होती बघ! घर जळून खाक झालं असतं. नशीब समज, मी होतो म्हणून."

पंचेचाळीस वर्षांत नवऱ्यावर ओरडायचं इतकं सज्जड कारण अट्रॅक्टाला कधी मिळालं नव्हतं, आणि त्याचा तिला काही म्हणजे काही उपयोग नव्हता.

"थँक यू, मॅलकी," ती म्हणाली.

मॅलकी घाबरला. "तुला बरं नाहीये का?"

"चुलीत पीट घाल. सगळं घाल. जेवढं मावेल तेवढं."

सव्वाबाराला तिनं कच्चा स्ट्यू काळ्या भांड्यात ओतला. बाकीचं वर्णन करवत नाही. मंद जाळाचा धर्म बावीस वर्षं सांगणाऱ्या बाईनं त्या दिवशी चूल अशी फुंकली की मॅलकीनं खिडक्या उघडल्या. भांडं उसळत होतं, झाकण उडत होतं. बटाट्यांचा लगदा होऊन रस्सा पांढुरका झाला, आणि मांस, जे घाईनं उकळलं की हट्टाला पेटतं, ते मिनिटामिनिटाला आवळत गेलं. सव्वाला तिनं एक तुकडा चाखला. बराच वेळ चाखला. मग तो हळूच चुलीत टाकला आणि एप्रन घेतला.

"उचल," ती म्हणाली.

चारही खणणारे कॉन्सेप्टाच्या स्वयंपाकघरात बसले होते. त्यांचा म्होरक्या यूजीन हॅन्ली, सत्तरीचा, महिन्यापूर्वी नवे दात बसवलेला. त्याच्या शेजारी इग्गी मॅगन, ज्याचं तोंड झोपेतही चालू असतं असं त्याची बायको सांगते. काळं भांडं टेबलावर आलं तशी चौघांनी अदबीनं टोप्या काढल्या. पलीकडच्या खोलीत जार्लथ झोपला होता. त्याच्यासाठी त्या मघाशीच काढल्या होत्या, मध्ये परत घातल्या होत्या.

"मिसेस नेर्नी, देव भलं करो तुमचं," इग्गी म्हणाला. "तिथे मातीपेक्षा दगड जास्त. सकाळपासून या भांड्याचंच नाव घेत खणत होतो."

तिनं वाढलं. ते जेवायला लागले. इग्गीचं बोलणं थांबलं.

क्लूनीबेगमध्ये इग्गी मॅगन गप्प झाल्याची ही पहिलीच नोंद असावी. चौघांचे जबडे चालत होते, चालतच होते. यूजीननं एक घास डाव्या बाजूला घेतला, मग उजव्या, मग थांबून छताकडे पाहिलं आणि दातांवर बोट ठेवून ते जागेवर बसवले. कॉन्सेप्टाचा कुत्रा टेबलाखाली गेला. थोड्या वेळानं तो बाहेर येऊन दाराशी आडवा झाला, आणि नंतर हाक मारली तरी परत गेला नाही.

"कसा झालाय?" अट्रॅक्टानं विचारलं.

"लव्हली," चौघंही म्हणाले.

मयताच्या घरी दुसरं उत्तर आमच्याकडे नाहीच. "आणखी वाढू?" या प्रश्नाचंही तसंच. पहिलं 'नको' सभ्यतेचं असतं, दुसरं संकोचाचं, आणि वाढणारी दोन्ही ऐकत नाही. त्या दुपारी चौघं मनापासून 'नको' म्हणाले. यूजीन तर तीनदा म्हणाला, वाडग्यावर हात ठेवून. पण अट्रॅक्टाचा हात सवयीचा. तिनं यूजीनचा हात बाजूला केला आणि वाडगा काठोकाठ भरला. तो बिचारा कबर खणतानाही इतका खचला नव्हता.

तेवढ्यात कॉन्सेप्टा आली. काळा पोशाख, डोळे सुजलेले, तीन दिवस बसून बसून चाल जड झालेली. तिनं चौघांचे चेहरे पाहिले, मग भांड्यात पाहिलं. काटा घेतला, एक तुकडा तोंडात टाकला आणि उभ्यानं चावला. सगळे बघत होते. तिनं तो शेवटपर्यंत चावला आणि गिळला.

"हा चुलीवरचा आहे," ती अट्रॅक्टाला म्हणाली. आवाज हळू होता, भांड्यापलीकडे गेला नाही.

"चुलीवरचाच असतो माझा."

"आजचा आहे."

अट्रॅक्टा तिच्याकडे सरकली. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"नोनी ग्रॅडीपासून." कॉन्सेप्टा तिच्या शेजारी बसली. "मांस लोण्यासारखं आणि गाजराच्या चकत्या टणक, कडा जशाच्या तशा. चुलीवर उलटं होतं, बाई. गाजर आधी शिजतं. कुकरमध्ये गाजर सगळ्यांच्या शेवटी. तळाला घालावी लागतात गाजरं. तू वर घालतेस."

एवढ्या अपमानातही अट्रॅक्टाच्या मनानं नोंद घेतली, गाजरं तळाला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. कोट घालून निघाले होते. जार्लथनं अडवलं." कॉन्सेप्टा पलीकडच्या खोलीकडे बघत म्हणाली. "म्हणाला, बाई खोटी आहे पण स्ट्यू खरा आहे. तू तोंड उघडलंस तर स्ट्यूही बंद होईल. फार खायचा तो."

अट्रॅक्टाला बोलायला वेळ मिळाला नाही, कारण इग्गीनं अखेर आपला घास गिळला होता आणि त्याला बोलायची घाई झाली होती. शांतता त्याला सोसत नाही. त्याला वाटलं, स्वयंपाकीणबाईंचा चेहरा पडलाय, काहीतरी गोड बोलावं.

"काही म्हणा, मिसेस नेर्नी," तो मोठ्यानं म्हणाला, "मांसाला असा दम हवा. दाताखाली कळलं पाहिजे की बैल होता. नाहीतर तो बटण-स्ट्यू! दाबलं बटण आणि..."

यूजीननं टेबलाखालून लाथ घातली. उशीर झाला होता. खोलीत दाराशी उभ्या बायका होत्या, कप पुसणाऱ्या बायका होत्या. सगळ्या जमिनीकडे पाहू लागल्या. इग्गीचे कान लाल झाले. कॉन्सेप्टानं मांडीवरचा काळा स्कर्ट सारखा केला, एकदा, आणि परत एकदा.

तो शब्द अट्रॅक्टाचा होता. ती वाढणीची पळी हातात धरून उभी होती, आणि गप्प राहिली असती तर खोलीतल्या कोणीही तिला बोल लावला नसता. बोल इग्गीला लागला असता. ती वाट पाहत होती की कोणीतरी हवापाण्याबद्दल काही बोलेल. त्या दिवशी कोणी बोलेना.

"इग्गी," ती म्हणाली, "या वर्षीचे माझे चारही स्ट्यू बटणावरचे होते."

कोणीतरी कपात चमचा टाकला.

"छे!" इग्गी म्हणाला.

"स्लो कुकरमधले. मागच्या खोलीत, पलंगाच्या आड. मग या भांड्यात ओतून आणलेले. वर्षभरात चुलीवर केलेला हा एकच."

"हा?" यूजीननं वाडग्याकडे बोट दाखवलं.

"हा."

दाराशी मॅलकी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उगवत होतं. "मग ती चादर नव्हती?" तो म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"नाही, नाही, मिसेस नेर्नी," इग्गी मान हलवत म्हणाला. "तुम्ही आपल्या बिचाऱ्या कॉन्सेप्टाचं मन राखायला म्हणताय. थोर आहात. पण आम्हाला चव कळते ना! मागचे चार तर तुमचे सगळ्यात उत्तम होते. चुलीशिवाय तशी चव येणंच शक्य नाही."

दाराशी उभ्या बायकांनी माना डोलावल्या. एक तर डोळे पुसायला लागली. बाईनं वैरिणीच्या दुःखात स्वतःचं नाव मातीत घातलं, केवढं मन! अट्रॅक्टा इकडून तिकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं चारचौघांत स्वतःचा खोटेपणा कबूल केला होता, आणि कोणी तो घ्यायलाच तयार नव्हतं.

फक्त यूजीन हॅन्लीनं दातांमधून एक धागा सोडवून बाजूला ठेवला. "मी एवढंच म्हणतो," तो म्हणाला, "की मिसेस नेर्नी, पुढच्या वेळी खोटंच बोला."

कॉन्सेप्टाच्या घशातून एक विचित्र आवाज आला. बायका तिला धरायला धावल्या, बाईला उमाळा आला म्हणून. ती हसत होती. तोंडावर रुमाल धरून, खांदे गदगदा हलवत, तीन दिवसांत पहिल्यांदा. हसून झाल्यावर तिनं रुमाल घडी करून बाहीत खोचला, उठली, मांडणीवरचा सगळ्यात मोठा वाडगा काढला आणि काळ्या भांड्यातून भरला. तळापासून ढवळून, मांस बघून बघून.

"बस," ती म्हणाली.

"अगं, मी कशाला? पाहुण्यांना कमी पडेल."

"पडणार नाही," टेबलावरून चौघं एकदम म्हणाले.

"चार वर्षं मी अंड्याची सँडविचं केली, अट्रॅक्टा," कॉन्सेप्टा खुर्ची समोर ओढत म्हणाली. "कडा कापून. जार्लथ म्हणायचा, तुझा स्ट्यू काय वाईट आहे गं? ने की. मी म्हणायचे, जाऊ दे. आता कोण म्हणणार आहे?" तिनं वाडगा अट्रॅक्टापुढे सरकवला. "खा. मी बसलेय."

अट्रॅक्टानं खाल्लं. पहिला तुकडा, दुसरा तुकडा. समोर कॉन्सेप्टा हातावर हात ठेवून बसली होती, शाळेत बाई पाढे म्हणून घेताना बसायच्या तशी, कसलीही घाई नसल्यासारखी. अर्धा वाडगा झाला तेव्हा अट्रॅक्टाचा जबडा दुखायला लागला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं होतं, हे तिलाही नेमकं सांगता आलं नसतं.

दोनच्या सुमारास फादर कोलमन आले आणि सगळे उठून शवपेटीच्या खोलीत गेले. रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली. आमच्याकडे रोझरीचं एकेक दशक, म्हणजे दहा प्रार्थनांचा गट, एकेकानं पुढे होऊन म्हणायचं असतं, जवळच्यांनी आधी. पहिलं फादरनी म्हटलं, दुसरं जार्लथच्या भावानं. अट्रॅक्टा भिंतीशी गुडघे टेकून होती. उठताना घाईत तोंडात टाकलेला शेवटचा तुकडा अजून तिच्या तोंडात होता. मोठा होता, आणि चारचौघांत थुंकता येत नव्हता.

कॉन्सेप्टानं तिच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं आणि ती फादरच्या कानाशी वाकली. "तिसरं अट्रॅक्टाला म्हणू द्या," ती हळूच म्हणाली. "त्याला फार आवडलं असतं."

फादरनी अट्रॅक्टाला खूण केली, आणि सगळ्यांच्या माना वळल्या. अट्रॅक्टानं ओठ घट्ट मिटले. जबडा एकदा हलला. खोली थांबली होती, मेणबत्त्या जळत होत्या. ती लाल झाली, डोळे भरून आले, आणि तिच्या तोंडून एक अक्षर फुटेना. शेवटी फादर कोलमननी हात वर करून तिला थांबवलं आणि ते दशक स्वतःच म्हणून टाकलं.

जार्लथ बर्नसाठी अट्रॅक्टा नेर्नीचा कंठ कसा दाटून आला होता, हे क्लूनीबेगमध्ये अजून सांगतात. कॉन्सेप्टाच्या समोर कोणी सांगितलं, तर ती मान हलवते आणि म्हणते, हो, मी बघितलं.